ऋषिऋण आणि तळ्याची पाळ

काल घरोघरी गणरायाची प्रतिष्ठापना झाली. आज भाद्रपद शुद्ध पंचमी, ऋषिपंचमी. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ या सप्तर्षींचे व त्यांच्यासमवेत अरुंधतीचे स्मरण करण्याचा हा दिवस. बैलाच्या श्रमाने पिकलेले धान्य या दिवशी वर्ज्य मानावे आणि नांगराविना उगवलेल्या अन्नावर व्रत करावे, असा आपल्या माताभगिनींचा परंपरागत नेम आहे. पोळ्याला ज्या मुक्या सोबत्याची पूजा केली, त्याच्या कष्टाला पंधरवड्याच्या आत पुन्हा एकदा दिलेली ही मानवंदनाच म्हणावी लागेल.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या धानाच्या मुलखात ऋषिपंचमीच्या सुमारास शेतकऱ्याचे एक लक्ष देवघराकडे, तर दुसरे आभाळाकडे असते. रोवणी आटोपलेली असते, बांध्या हिरव्यागार झालेल्या असतात. आणि नेमका याच वेळी पाऊस आठ-पंधरा दिवस ओढ देतो. वर्षभरात सुमारे तेराशे मिलिमीटर पाऊस पडूनही भाद्रपद-आश्विनातील एका पाण्यावाचून हातचे पीक जाते, हे या भूमीचे जुने दुःख आहे. या दुःखावर येथील माणसांनी जो उपाय शोधला, त्याचे स्मरण आजच्या दिवशी करणे उचित ठरेल.

धर्मशास्त्राने माणसाच्या माथी जी ऋणे सांगितली, त्यांत ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण आहे. ज्यांनी आधी पाहिले, जाणले आणि पुढच्या पिढीच्या हाती दिले, त्यांचे देणे फेडावयाचे ते अध्ययनाने, म्हणजेच ते ज्ञान जिवंत ठेवून. ऋषी म्हणजे द्रष्टा. मग डोंगरउतारावरून वाहत जाणारे पावसाळी पाणी पाहून, ते कोठे अडवावे, किती अडवावे आणि कोठून सोडावे, हे ज्यांनी अनुभवाने जाणले, त्या अनामिक माणसांना द्रष्टे का म्हणू नये?

भंडाऱ्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सुमारे सात हजार माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील कित्येक कोहळी समाजातील मंडळींनी बांधले. चांद्याच्या एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या समाजाला आपल्यासोबत आणले, अशी त्यांची परंपरा सांगते. जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळावी, असा गोंड राजवटीचा प्रघात होता, असेही सांगितले जाते. आज गोंदिया जिल्ह्यात असलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो.

या तलावांची रचना पाहिली म्हणजे मन थक्क होते. सिमेंट नाही, लोखंड नाही, दुर्बिणीतून घेतलेली मोजमापे नाहीत. दोन टेकड्यांमधील उतार हेरून तेथे मातीची पाळ घालावयाची. जादा पाणी पाळीला धक्का न लावता निघून जावे म्हणून एका कडेला कठीण जमिनीवर सांडवा ठेवावयाचा. त्याला येथे सलंग म्हणतात. शेताला पाणी सोडण्यासाठी जी मोरी असते, ती तुडुम. वरच्या तलावाच्या सलंगीतून निघालेले पाणी खालच्या तलावात जावे, तेथून त्याखालच्या बोडीत उतरावे, अशी साखळी अनेक ठिकाणी आढळते. उन्हाळ्यात तलावातील गाळ काढून शेतात टाकला, की एकाच कामाने तलाव खोल होतो आणि जमीन कसदार होते. हे सर्व शास्त्र कागदावर नव्हते. ते गावकऱ्यांच्या हातात आणि नजरेत होते. पाळ कोठे खचली, तुडुम कोठे गळते, हे कळण्यासाठी गावाला बाहेरून कोणी बोलवावे लागत नसे.

इंग्रजी अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या नावे लागले, तरी पाणी, मासे, गाळ यांवरील गावाचे निस्ताराचे हक्क नोंदींत टिकून होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. जुलमाचे एक जोखड दूर झाले, हे इष्टच झाले. तथापि तलाव शासनाकडे गेले आणि त्यांची निगा राखणारी जुनी व्यवस्था मागे राहिली. शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे आले. दुरुस्ती ही आता मंजुरीची आणि निधीची बाब झाली. गाळ साचत गेला, पाळीवर झुडपे माजली, आणि कोणी काही म्हणेनासे झाले. कारण तलाव आता ‘सरकारी’ होता. ज्या हातांनी तंत्र घडविले, त्या हातांतून ते सुटले, की ते किती लवकर मोडकळीस येते, याचा हा दाखला आहे.

पाण्याबरोबर पाण्यातील जीवसृष्टीही ओसरली. ज्या ढिवर समाजाची चूल या तलावांवर पेटते, त्याला ही हानी सर्वांत आधी जाणवली. मत्स्योत्पादन वाढावे या हेतूने रोहू, कटला, मृगळ यांचे बीज तलावांत सोडण्यात आले. गवत्यासारखा परदेशी मासाही आला. तो पाणवनस्पतींवरच जगतो. काठाकाठाने बेशरमाची झुडपे पसरली. ज्या वनस्पतींच्या आश्रयाने देशी मासे अंडी घालीत, त्याच नाहीशा होऊ लागल्या. तेव्हा मासे कमी झाले आणि पक्षीही दुरावले.

या ठिकाणी काही नागरिक स्वयंप्रेरणेने पुढे आले, ही समाधानाची गोष्ट होय. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, तलावांचा अभ्यास हाती घेतला. अभ्यास करता करता त्यांच्या ध्यानात आले की, ज्या ज्ञानाच्या शोधात आपण आहोत, ते ढिवर बांधवांकडे आधीपासूनच आहे. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाने राहतो, कोणती वनस्पती उथळ पाण्यात रुजते आणि कोणती खोल पाण्यात, हे सर्व त्यांना मुखोद्गत होते. सुशिक्षितांनी शिष्यत्व पत्करले आणि जाणत्या मच्छीमारांनी गुरुस्थान घेतले.

या गुरुशिष्यांच्या सहकार्यातून एक सुटसुटीत कार्यपद्धती सिद्ध झाली. २००९ च्या सुमारास अर्जुनी मोरगाव तालुक्यात, म्हणजे १९९९ पूर्वी भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या मुलखात, तिचा प्रयोग सुरू झाला. उन्हाळ्यात तलाव आटला की, बेशरम मुळासकट उपटावयाचे. तळाची कठीण झालेली जमीन नांगरून भुसभुशीत करावयाची. पाऊस पडून पाणी साचू लागले की, ज्या तलावांत देशी पाणवनस्पती अद्याप शिल्लक आहेत, तेथून त्या आणून योग्य खोलीवर लावावयाच्या. मग देशी माशांना वाढू द्यावयाचे आणि विणीच्या काळात जाळे आवरावयाचे. मच्छीमारांच्या सहकारी संस्था या कामात उतरल्या. पुढे ढिवर भगिनींनीही गट बांधून चिखलात उतरून ही लावणी केली. त्या तलावांत मासे वाढले आणि पाखरे परतली. एका गावचे पाहून दुसरे गाव शिकले.

येथे कोणी विचारील, याला तंत्रज्ञान म्हणावे काय? आज तंत्रज्ञान म्हटले की भ्रमणध्वनी आणि संगणकच डोळ्यांपुढे येतात. त्यांचाही विचार अवश्य करावा, कारण तेथेही निराळा न्याय नाही. २००३ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा अंत झाला होता. पुढील मेळ्याआधी, २०१४ पासून, नाशिकचेच सुपुत्र आणि अमेरिकेतील एमआयटीचे संशोधक रमेश रासकर यांच्या प्रेरणेने ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. विद्यार्थी, वैद्यकीय तज्ज्ञ, उद्योजक आणि सामान्य नागरिक एकत्र बसून मेळ्याच्या अडचणींवर उपाय शोधू लागले. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने व त्याच्या सहकाऱ्यांनी दाब ओळखणारी एक चटई तयार केली. तिच्यावरून जाणाऱ्यांच्या पावलांची गणना होई आणि गर्दी कोठे किती वेगाने वाढत आहे, हे कळू शके. ‘आशिओतो’ हे तिचे नाव. जपानी भाषेत त्याचा अर्थ पाऊल, पावलाचा आवाज. २०१५ च्या मेळ्यात तिचा प्रत्यक्ष उपयोग करण्यात आला.

गोदाकाठची चटई आणि वैनगंगेच्या खोऱ्यातील पाळ यांत शतकांचे अंतर आहे. पण ज्याला झळ लागली, त्यानेच उपाय शोधण्यास हात लावला, हे दोहोंत समान आहे. त्यापुढची परीक्षा मात्र कठीण असते. मेळा काही महिन्यांत उठतो. तलावाला दर उन्हाळ्यात माणसे लागतात. नवे साधन घडविण्याचा उत्साह एका उत्सवापुरता पुरतो, निगा राखण्याला पिढ्यांचे सातत्य हवे. आपल्या तलावांनी जे सोसले, ते हे सातत्य तुटल्यामुळेच.

म्हणून ऋषिपंचमीच्या निमित्ताने बपेऱ्याच्या आणि आसपासच्या सर्व गावांच्या तरुणांना एवढेच विनवावेसे वाटते. गणेश मंडळासाठी तुम्ही वर्गणी गोळा करता, मांडव उभारता, रात्री जागविता. तीच संघशक्ती येत्या उन्हाळ्यात चार दिवस जवळच्या एखाद्या तलावाच्या पाळीकडे वळवा. हातातल्या भ्रमणध्वनीने सलंगीची, तुडुमाची छायाचित्रे घ्या, नोंदी ठेवा. आणि गावातील वृद्ध शेतकऱ्याजवळ, ढिवर आजीजवळ बसून त्यांना ठाऊक असलेले सारे लिहून काढा. ती माणसे आहेत तोवरच हे शक्य आहे. विसर्जनासाठीही शाडूची लहान मूर्ती निवडा, म्हणजे ज्या पाण्याने पीक तारावयाचे, ते मलिन होणार नाही.

या तलावांच्या उथळ कडेला एक रानभात आपोआप उगवतो. त्याला कोणी पेरीत नाही, बैल तेथे नांगर ओढीत नाही. जणू आजच्या व्रतासाठीच तो निर्माण झाला असावा. लोक त्याला देवधान म्हणतात. तलाव राहिला, तर देवधान राहील. आणि तलाव राखणे आता आपल्या हाती आहे. सप्तर्षींच्या पूजेत आज एक अक्षता त्या अनामिक पाळ बांधणाऱ्यांच्या नावेही वाहूया.