लहान पेटींतील संगणक व खोताच्या वाडीचा वारा

‘कूलर’ हा शब्द ऐकतांच आमच्या नागपुराकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें खिडकींत बसविलेली पाण्याची पेटी व तिच्या वाळ्याच्या ताट्या उभ्या राहतील. गिरगांवांत त्या यंत्राचा फारसा उपयोग नाहीं. येथील हवाच आधीं इतकी दमट कीं, तींत आणखी पाणी उडून जाऊन थंडावा यावा कसा? आम्हांस ज्याविषयीं लिहावयाचें आहे तो कूलर निराळा. संगणकाच्या प्रोसेसरवर बसविलेला धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा व त्याचा पंखा, एवढाच तो. परंतु घरांतील तरुण मंडळी प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ करूं लागली, म्हणजे कारखान्यानें नेमून दिलेल्या गतीहून अधिक वेगानें धांववूं लागली, आणि जागेच्या टंचाईमुळें तो लहानशा पेटींत बसवूं लागली, कीं या ठोकळ्याच्या निवडीवर बऱ्याच रुपयांचें भवितव्य अवलंबून राहतें.

प्रोसेसर जितकी वीज खातो, तितकी सारी उष्णता होऊन बाहेर पडते. ही वीज गतीच्या प्रमाणांत वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत. गति दहा टक्क्यांनीं वाढविली व ती टिकावी म्हणून व्होल्टेजहि दहा टक्क्यांनीं चढविलें, तर उष्णता सुमारें ३३ टक्क्यांनीं वाढते! आणि कूलर ही उष्णता नाहींशी करीत नाहीं. तो ती भोंवतालच्या हवेच्या स्वाधीन करतो. ‘प्रोसेसर हवेपेक्षां अमुक अंशच अधिक तापेल’, इतकेंच त्याचें वचन. समजा, हा फरक ४५ अंशांचा आहे. यूरोपांतील २१ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ६६ अंशांवर राहील. वैशाखांत आमच्या माडीवर ३४ अंश धरा, व लहान पेटींत ग्राफिक्स कार्डानें केलेली ऊब आणखी १० अंश धरा. कूलर तोच, प्रोसेसर तोच, आणि उष्णतामान ८९! आजच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तेथें पोंचतांच यंत्र आपली गति आपणच उतरवितें, आणि वेगासाठीं ओतलेला पैसा पाण्यांत जातो. परदेशी परीक्षणें वाचतांना खोलीचें उष्णतामान किती धरलें आहे हें म्हणूनच आधीं पाहावें.

हवेला वाट कशी द्यावी, हें शिकण्यास गिरगांवकरांस दूर जावयास नको. अठराव्या शतकाच्या अखेरीस वसूं लागलेली व दादोबा वामन खोत यांच्या नांवानें ओळखली जाणारी खोताची वाडी एकदां या दृष्टीनें पाहावी. खोतांकडून जागा घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनीं तेथें लाकडी घरें उठविलीं. पुढें व्हरांडा, मोठ्या खिडक्या, बाहेरून चढणारा जिना, वर उतरतें कौलारू छप्पर. गार हवा खालून आंत येते व तापलेली वरून निघून जाते. गल्ली अरुंद असूनहि घर कोंदत नाहीं, याचें श्रेय पंख्यांस नव्हे, वाटांस आहे. संगणकाच्या पेटीचें असेंच. कूलरचा पंखा बंद पत्र्यापासून बोटभर अंतरावर असेल, तर तो गुदमरतो. समोर जाळीचा पत्रा असेल, तर तोच पंखा बाहेरची ताजी हवा थेट ओढतो. वर किंवा मागें तापल्या हवेस वाट हवीच. शोभेच्या कांचेच्या पेट्या आम्हांस या कारणानें मुळींच पसंत नाहींत.

आतां मापांकडे वळूं. लहान पेटींत बहुधा १७० मिलिमीटर चौरस बोर्ड बसतो, पण अडचण लांबीरुंदीची नसून उंचीची. ऑस्ट्रियांतील नॉक्टुआ या कंपनीचा एनएच-एल९आय हा कूलर अवघा ३७ मिलिमीटर उंच आहे; तो ओव्हरक्लॉकसाठीं योग्य नाहीं, असें ती कंपनी स्वतःच सांगते. इतकी सचोटी व्यापारांत विरळा! तिचाच एल१२एस ७० मिलिमीटरचा, व मनोऱ्यासारखा उभा यू१२एस १५८ मिलिमीटरचा. आडवा कूलर बोर्डावरील इतर भागांवरहि वारा घालतो, हा त्याचा गुण. उभा कूलर तापलेली हवा सरळ मागच्या वाटेनें लोटतो, हा त्याचा. आमचें मत असें कीं, ७० मिलिमीटरहून ठेंगणा कूलर मावणाऱ्या पेटींत ओव्हरक्लॉकचा हट्ट धरूं नये. हट्टच असेल, तर पेटी निवडतांनाच उभा कूलर मावेल अशी निवडावी. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, खरेदीस जातांना पेटीचें आंतील माप व रॅमच्या पट्ट्यांची उंची कागदावर टिपून न्यावी. दुकानदाराच्या ‘बसेल हो’ यावर विसंबूं नये.

एकत्र कुटुंबांत आवाजाचाहि विचार करावा लागतो. लहान पंख्यास तितकीच हवा हलविण्यास फार जोरानें फिरावें लागतें, आणि माजघरांत वडील मंडळी निजलेलीं असतां लाकडी तक्तपोशीखालीं ती घरघर सर्वांस ऐकूं येते. १२० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून तेंच काम करतो. शिवाय गति किंचित् कमी ठेवून व्होल्टेज उतरविलें, तर वर सांगितलेला वर्गाचा हिशेब उलट आपल्या बाजूनें चालतो. कित्येकदां कूलर न बदलतांच दहा अंश खालीं येतात. हा उपाय फुकटचा आहे, म्हणून मुलांस तो आवडत नाहीं!

गिरगांवच्या हवेंत रस्त्याची धूळ आहे व समुद्राचा खारा दमटपणाहि आहे. दोहोंचा थर पात्यांमध्यें बसला कीं उत्तम कूलरहि निकामी होतो. महिन्यांतून एकदां जाळी झाडावी, आणि पावसाळा सरतांच, आश्विनांतील ऊन तापण्यापूर्वीं, यंत्र बंद करून व पंखा हातानें धरून पात्यांवरून मऊ कुंचला फिरवावा.