मानवशास्त्र शिकलात, आता पुढे काय?

“म्हणजे तुम्ही हाडं खोदता का?” मानवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रश्न लग्नकार्यात एकदा तरी विचारला जातोच. त्याला हसून उत्तर देता येतं. पुढचा प्रश्न अवघड असतो: “मग नोकरी कुठे?”

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी जाहिरातींमध्ये ‘मानवशास्त्रज्ञ’ हा शब्द शोधत बसायचो. चूक तिथेच होती. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षणासारख्या (स्थापना १९४५, मुख्यालय कोलकाता) मोजक्या संस्था सोडल्या, तर हा शब्द फारसा सापडत नाही. काम आपलंच असतं, पदाचं नाव मात्र वेगळं असतं. म्हणून पदनाम शोधू नका, काम शोधा.

आमच्या पहिल्या फील्डवर्कचं उदाहरण देतो. दिवसभर मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर मोजून माझा मित्र वैतागला होता. मला मात्र रात्री ते आकडे मांडताना मजा येत होती. त्याला गावकऱ्यांशी तासन्‌तास गप्पा मारायला आवडायचं. आज तो एका संस्थेत वनहक्क दाव्यांचं काम करतो आणि मी मुलांच्या वाढीवर पीएचडी करतोय.

तुमचा कल मोजमापाकडे असेल, तर सार्वजनिक आरोग्य, पोषण, न्यायवैद्यक विज्ञान किंवा लोकसंख्येची जनुकशास्त्रीय अभ्यासशाखा बघा. उत्खननातल्या सांगाड्यांची आवड असेल, तर पुण्याचं डेक्कन कॉलेज आहेच. ऐकण्या-बोलण्यात रमत असाल, तर आदिवासी विकास, स्वयंसेवी संस्था, संग्रहालयं आहेत. लोक मोबाइल, अॅप कसं वापरतात हे समजून घेण्यासाठी कंपन्याही संशोधक नेमतात; त्याला ‘यूएक्स रिसर्च’ म्हणतात.

शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल, तर नेट-जेआरएफची तयारी एमएस्सीतच सुरू करा. यूपीएससीसाठी हा वैकल्पिक विषय घेता येतो, पण मुख्य परीक्षेच्या १७५० गुणांपैकी त्याचे ५००च. केवळ तेवढ्यासाठी मानवशास्त्र करू नका, आणि दुसरी वाटही हाताशी ठेवा.

शेवटी एक सोपी गोष्ट. बायोडेटात ‘मानवशास्त्राचं ज्ञान’ असं मोघम लिहू नका. किती घरांचं सर्वेक्षण केलंत, किती मुलाखती घेतल्यात, आकडेवारीचं कुठलं सॉफ्टवेअर येतं, ते लिहा. फील्डवर्कची वही आजच काढा आणि मोजायला बसा. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त निघेल.