खमाजचे दोन निषाद आणि ट्रंपेट

नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकलेले दोघे पुढे महाराष्ट्रभर गाजले. एक वसंतराव देशपांडे. दुसरे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. वसंतरावांची तान कुठून उठेल आणि कुठे उतरेल याचा नेम नसे, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. चितळकरांनी मात्र सिनेमात गेल्यावर हाताशी धरला तो एक ट्रंपेटवाला. चिक चॉकलेट त्याचं बाजारातलं नाव. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. १९५१च्या ‘अलबेला’त तो आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

आर्मस्ट्राँग अमेरिकेत, चिक मुंबईत. मग ही जॅझची विद्या इकडे आली कशी? काही अंशी ताजमहाल हॉटेलात १९३५ नंतर येऊन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांकडून, आणि बरीचशी तबकड्यांवरून. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं.

जॅझ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अचंबा वाटतो तो हाच, की हे सगळं याला आत्ता, उभ्या उभ्या सुचतंय? खयाल ऐकणाऱ्याला निम्मं उत्तर आधीच ठाऊक असतं. सुचतं आत्ताच, पण त्यासाठी लागणारं भांडवल वर्षानुवर्षं घोटलेलं असतं.

त्यात ट्रंपेट हे मोठं फसवं वाद्य. व्हॉल्व्ह तीनच. मधला दाबला की स्वर अर्ध्या पायरीने उतरतो, पहिला दाबला की एका पायरीने, तिसरा दाबला की दीड. बाकीचा कारभार ओठांवर. एकही बोट न लावता नुसते ओठ आवळत नेले तर सा, प, वरचा सा, त्यावरचा ग, प असे स्वर येतात. पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबले की मधल्या सप्तकातला ध मिळतो, आणि त्याच बोटांनी ग सुद्धा! कोणता काढायचा ते ओठ ठरवतात, आणि ओठांना ते कळतं तो स्वर आधी कानात वाजला असेल तरच. म्हणून ट्रंपेटवाल्याला गाता यावं लागतं. नेहमीच्या ट्रंपेटचा सा कोणता म्हणाल, तर हार्मोनियमची काळी पाच.

शिक्षण सुरू होतं ते थोरांचे सोलो गळ्यात उतरवण्यापासून. आर्मस्ट्राँगचा ‘वेस्ट एंड ब्लूज’ २८ जून १९२८ला ध्वनिमुद्रित झाला. सुरुवातीला बाकी सगळे गप्प आणि ट्रंपेट एकटा; जेमतेम पंधरा सेकंद. तेवढ्यासाठी वाजवणारे महिनोन् महिने घालवतात. रीत अशी: कागद बाजूला ठेवायचा, एकच तुकडा ऐकायचा, तो गायचा, मग ठाय लयीत वाद्यावर शोधायचा. क्लार्क टेरी हा ट्रंपेटवाला शिष्यांना सांगायचा, आधी नक्कल करा, मग ती पचवा, नवं काढायचं ते त्यानंतर. आपल्याकडचे गुरुजी याहून वेगळं काय सांगतात?

दुसरी बाजू पलट्यांची. सा रे ग प एवढा चार स्वरांचा तुकडा घ्या. जॉन कोल्ट्रेनने १९५९ साली सॅक्सोफोनवर वाजवलेला ‘जायंट स्टेप्स’ ऐका. त्या वाऱ्यासारख्या धावेत हाच तुकडा सारखा डोकावतो. मात्र दर वेळी सा वेगळा. आपल्याकडे तंबोरा जुळला की सा हलत नाही. तिथे खालची कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे स्वर, बदलली की पायाखालची जमीनच सरकते. त्यामुळे प्रत्येक पलटा बाराही सुरांतून फिरवावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, यात शंका नाही.

पण मला सगळ्यात थक्क केलं ते एका साध्या हिशेबाने. तार षड्जापासून दुगुनीत खाली या, एका मात्रेत दोन स्वर, कोमल निषाद घेऊन. सानि, धप, मग, रेसा. मात्रेवर कोण पडलं? सा, ध, म, रे. आता साथीला सा ग प नि (कोमल) अशी कॉर्ड असेल, तर सा सोडून सगळे परके. मग १९४०च्या दशकातल्या बीबॉपवाल्यांनी, म्हणजे जॅझमधल्या त्या शैलीच्या वादकांनी, काय केलं? वरून येताना शुद्ध निषादही घेतला आणि त्याच्या पाठोपाठ कोमल. आता मात्रेवर पडतात सा, कोमल नि, प, ग. कॉर्डचे चारही स्वर बरोबर ठोक्यावर, आणि पुढचा सा पुन्हा ठोक्यावरच! स्वर सात, जागा आठ. एका स्वराने सगळं गणित बसलं. पुढे डेव्हिड बेकर यांनी शिकवताना याला ‘बीबॉप स्केल’ म्हटलं. दोन्ही निषाद असलेला हा स्वरसमूह म्हणजे आपला खमाजच. फक्त रागात ते दोघे असे खेटून सहसा बसत नाहीत. क्लिफर्ड ब्राऊनच्या ट्रंपेटवर ही उतरण ऐकावी. १९५६ साली मोटार अपघातात तो गेला तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पहिला सोलो म्हणून मी मात्र माइल्स डेव्हिस या ट्रंपेटवाल्याचा ‘सो व्हॉट’मधला सुचवेन. साल १९५९, चौसष्ट बार (तालाचे खंड), स्वर मोजके आणि मधे भरपूर श्वास. बत्तीस बारांच्या एका आवर्तनात पहिले सोळा पांढरी दोनचा काफी, पुढचे आठ काळी दोनचा काफी, शेवटचे आठ परत पांढरी दोन. ट्रंपेट मिळेपर्यंत थांबायचंही कारण नाही. घरातली हार्मोनियम काढा आणि काफीचेच स्वर गात बार मोजा. सतराव्या बारला सा उचलायचा, पंचविसाव्याला खाली आणायचा, आणि हे चालू असताना तंबोरा बंद ठेवायचा.