फुकटाचा हिशेब

युरोप म्हटलं की आपल्याकडे दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक हिंदी सिनेमातलं : बर्फ, ट्युलिपची शेतं आणि त्या थंडीत शिफॉनची साडी नेसून गाणारी नायिका. दुसरं प्रवासी कंपनीच्या रंगीत माहितीपत्रकातलं : पंधरा दिवसांत दहा देश, सोबत पोळी-भाजी, आणि शेवटच्या पानावर असा एक आकडा, की निवृत्त माणूस तो वाचतो आणि माहितीपत्रकाची नीट घडी घालून ठेवून देतो. या दोहोंमधून जाणारी तिसरीही एक वाट आहे. ती पायी चालायची असते आणि तिच्या पाटीवर चक्क ‘फुकट’ असं लिहिलेलं असतं. उभा जन्म बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेल्यामुळे ‘फुकट’ हा शब्द दिसला की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. या वाटेचा हिशेबही मी तपासून पाहिला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

आम्ही करडीचे. मोहाडी तालुक्यातलं, धानाच्या बांध्यांमधलं हे गाव. जावयांच्या नोकरीमुळे मुलीचं बिऱ्हाड बर्लिनला आहे. २०२४ च्या मे महिन्यात आम्हा दोघांना तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. डोक्यावर छप्पर होतं, ताटात वरण-भात होता. पण मुलगी-जावई सकाळीच कामावर जायचे. मग सातासमुद्रापलीकडे येऊन खिडकीतून ट्रॅम मोजत बसायचं की काय? मुलीनं फोनवर आमची नावं नोंदवली आणि म्हणाली, “बाबा, उद्या दहा वाजता ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी जा. रंगीत छत्री घेतलेला माणूस दिसेल, त्याच्या मागे चालत राहा.”

पद्धत अशी आहे. शहरातल्या एखाद्या ठळक चौकात ठरल्या वेळी पंचवीस-तीस माणसं जमतात. गाइड दोन-अडीच तास त्यांना पायी हिंडवतो आणि त्या शहराची गोष्ट सांगतो. तिकीट नसतं. शेवटी ज्याला जे वाटेल ते त्यानं द्यावं. बर्लिनमध्येच २००४ साली सुरू झालेल्या एका कंपनीनं ही रीत युरोपभर पसरवली, आणि आता प्राग, बुडापेस्ट, लिस्बन, ॲमस्टरडॅम, कुठेही गेलात तरी छत्रीवाले भेटतात.

आमच्या छत्रीखाली इतिहासाचा अभ्यास करणारी एक तरुणी होती. तिनं आम्हाला आधी वाहनं उभी करायच्या एका साध्याशा जागेत नेलं. आजूबाजूला राहत्या इमारती आणि कडेला एक माहितीचा फलक. “तुमच्या पायांखाली हिटलरचं बंकर होतं,” ती म्हणाली. फलकसुद्धा २००६ सालीच लागला. तोपर्यंत तिथे काहीच खूण नव्हती. तिथून जवळच ज्यूंच्या संहाराचं स्मारक आहे : २००५ साली खुलं झालेलं, २७११ काँक्रीटच्या ठोकळ्यांचं. हिटलरच्या नावानं फलक एक आणि त्यानं मारलेल्यांसाठी एवढं मोठं मैदान. कुणाला किती जागा द्यायची, हे या शहरानं विचार करून ठरवलेलं दिसतं.

पुढे बेबेलप्लात्झ नावाचा चौक लागला. १० मे १९३३ च्या रात्री इथे विद्यार्थ्यांनी हजारो पुस्तकं जाळली. आज तिथल्या फरशीत एक काच बसवलेली आहे. काचेतून खाली वाकून पाहिलं की पांढरी, रिकामी कपाटं दिसतात. सुमारे वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. मिखा उलमान या शिल्पकारानं ते १९९५ साली केलं. आयुष्यभर कादंबऱ्या लिहिल्या, कपाटात पुस्तक नसणं म्हणजे काय ते मात्र मला तिथे कळलं. आमच्या सौ. बराच वेळ काचेवरून उठल्या नाहीत.

आणि मग पितळ. पितळ दिसलं की भंडाऱ्याच्या माणसाचं पाऊल थबकतंच. आमच्या शहराची ओळखच मुळी पितळी भांड्यांची. बर्लिनच्या पदपथावर दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पितळी पट्ट्या चमकत होत्या. गुंटर डेमनिग या कलावंतानं नाझींनी नेलेल्या माणसांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर त्या बसवायला सुरुवात केली. वर लिहिलेलं असतं, ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मसाल आणि त्या माणसाचं काय झालं ते. २०२३ च्या मे महिन्यात अशी एक लाखावी पट्टी बसली. बसमधून या पट्ट्या दिसत नाहीत, आणि वाचायच्या तर मान लववावी लागते. पायी फिरण्याचं याहून मोठं समर्थन मला सांगता येणार नाही.

आता हिशेब. फेरी संपता संपता गाइडनं आभार मानायला सुरुवात केली, तशी मागची सहा-सात मंडळी घड्याळाकडे पाहत हळूच सटकली. सौ. माझ्या कानाशी म्हणाल्या, “अहो, आरतीचं ताट फिरायच्या आधी कीर्तनातून उठणारे इथेही आहेत की!” सगळे पांगल्यावर त्यांनी त्या मुलीला सरळच विचारलं, “तुला यातून मिळतं किती?” तीही मोकळेपणानं बोलली. पगार नाही. उलट जेवढी डोकी आली तेवढ्यांमागे ठरावीक रक्कम तिनंच कंपनीला भरायची. ग्राहक जमवून दिल्याबद्दल. सुरुवातीला सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता, तो आठवणीसाठी असेल असं आम्हाला वाटलं होतं. तो डोकी मोजण्यासाठीही होता. सगळ्याच शहरांत आणि सगळ्याच कंपन्यांत असं नसतं. पण बऱ्याच ठिकाणी असतं.

म्हणजे पाहा : समजा, माणशी दोन युरो भरायचे आणि पंचवीस माणसं आली, तर तोंड उघडण्यापूर्वीच त्या मुलीच्या नावे पन्नास युरो खर्ची पडले. सात जण न देता गेले, तर त्यांचे चौदा युरो तिनं स्वतःच्या खिशातून भरले. ते सात जण फुकट फिरले नाहीत. त्यांचं तिकीट तिनं काढलं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ‘फुकट’ हे कर्ज आहे. ते विनातारण असतं, आणि वसुली फक्त घेणाऱ्याच्या इभ्रतीवर अवलंबून असते. आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनकार बुवा असंच कर्ज वाटत आलेले आहेत. ताटात कुणी काय टाकलं हे कुणी वाचून दाखवत नाही. पण रिकाम्या हातानं ताटावरून हात फिरवणारा माणूस गावाला ठाऊक असतो. परक्या शहरात गाव नसतं, म्हणून सटकणं सोपं जातं, एवढाच फरक. आम्ही दोघांनी मिळून वीस युरो दिले. तेव्हाच्या भावानं साधारण अठराशे रुपये. माणशी दहा युरो ही वाजवी रक्कम समजावी. गाइड चांगला असेल तर पंधरा.

या व्यवहाराची एक मेखही आहे. श्रोत्याच्या खुशीवर पोट असलं की कथेत मसाला वाढतो. प्रागला जुन्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तिथल्या गाइडनं रंगवून सांगितलं, की असं घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून नगरपित्यांनी हानुश नावाच्या कारागिराचे डोळे काढले. सगळे हळहळले. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याची कथा ऐकत वाढलेले आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. गाइड प्रामाणिक होता. टाळ्या घेऊन झाल्यावर त्यानंच सांगितलं की ही दंतकथा आहे, घड्याळ मिकुलाश नावाच्या कारागिराचं. मग त्यानं त्याच चौकातल्या फरशीवरचे सत्तावीस पांढरे क्रूस दाखवले : १६२१ साली तिथे देहदंड दिलेल्या सत्तावीस जणांचे. ती गोष्ट खरी होती आणि तिला टाळी पडली नाही. तिथे सगळे गप्प झाले.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो झालं आहे. वैद्यकीय विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. फेरीची नोंदणी आदल्या दिवशी करावी आणि जाणार नसाल तर रद्द करावी. कुणीतरी आपली वाट पाहत असतं. रस्ते दगडी चिऱ्यांचे असतात, तेव्हा चपला घरी ठेवून बूट घालावेत. इंग्रजी भराभर कानावर येतं, म्हणून गाइडच्या जवळ उभं राहावं. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी जवळ ठेवावीत. आणि प्रत्येक शहराचे नियम असतात : व्हेनिसनं २०२४ साली एका गटात पंचवीसच माणसं आणि भोंगे बंद असा दंडक घातला. तिथे घरंही आहेत, आणि घरात माणसं झोपलेली असतात.

लंडनला वेगळा व्हिसा लागतो. पुढच्या वर्षी तिथे गेलो तेव्हा मात्र छत्रीवाला शोधला नाही. हाउली प्लेसवरच्या ज्या घरात लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये राहिले त्या घरावरची निळी पाटी पाहिली, आणि तिथून चालत किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी गेलो. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं ते घर घेतलं. दारात फोटो काढणाऱ्या एका परदेशी जोडप्यानं विचारलं, हे कोण? मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगू लागलो. राज्यघटनेचं सांगितलं आणि हेही सांगितलं, की १९५४ साली याच माणसानं आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि आम्ही त्यांना निवडून दिलं नाही. ते जोडपं अर्धा तास उभं राहून ऐकत होतं.

त्या अर्ध्या तासापासून एक विचार डोक्यात बसला होता. आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीवर दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. जुन्या नगराचा तट आहे, दरवाजा आहे, घाट आहेत, देवळं आहेत. छत्रीवाला मात्र नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी नातवंडांना घेऊन तिथे गेलो. गावातल्याच, इतिहास शिकणाऱ्या एका मुलाला सोबत घेतलं. सुरुवातीला तो लाजत होता. टेकडीवर पोचेपर्यंत त्याची कळी खुलली, आणि घाटावर आलो तेव्हा नातवंडं त्याचा हात सोडायला तयार नव्हती.

निघताना आम्ही वर्गणी काढून पैसे पुढे केले, तर तो मागे सरकला. “काका, आपल्याच गावाचं सांगायचे पैसे कसले?” सौ. म्हणाल्या, “घे बाळा. बुवासुद्धा घेतात.” त्यानं नोटा घेतल्या, न मोजता खिशात घातल्या आणि विचारलं, “पुढच्या रविवारी आणखी कोणी येणार असेल तर सांगाल?”

तेच सांगतो आहे.