दाताचे घनफळ मोजावे कसे?

तमिळनाडूत कावेरीच्या काठी कुंभकोणम् हे प्राचीन नगर आहे. त्याच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवर स्वामिमलै येथे स्थपतींची वस्ती असून तेथे आजही मेणाच्या प्रतिमेवरून पंचलोहाच्या मूर्ती ओतल्या जातात. मेणाची मूर्ती घडवावी, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे लेप द्यावेत, तापवून मेण काढून टाकावे आणि उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावा, अशी ही रीत आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात ती वर्णिली असून मेण तोलून धातूचे प्रमाण ठरविण्याचा नियमही तेथे दिला आहे. मूर्तीची बोटे आणि वस्त्राच्या चुण्या मोजून तिचे घनफळ कोण काढणार? त्यापेक्षा मेण तोलणे सोपे. मेण पाण्याहून किंचित हलके आणि काशासारखा मिश्रधातू पाण्याच्या साडेआठ पटींहून अधिक जड. तेव्हा मेणाच्या सुमारे नऊपट धातू लागणार, हे उघड आहे.

दात हीदेखील अशीच वेडीवाकडी वस्तू होय. परंतु तो जबड्यात रुतलेला असतो. त्याला तराजूत घालता येत नाही. मग त्याचे घनफळ मोजण्याचा खटाटोप कशासाठी?

दाताच्या आत मऊ गर असतो. मूळ पूर्ण वाढल्यानंतरही आतील भिंतीवर दंतिनाचे नवे थर हळूहळू बसत राहतात आणि गराची पोकळी आकसते. म्हणून गराचे घनफळ संपूर्ण दाताच्या घनफळाच्या किती हिस्सा आहे, यावरून प्रौढ माणसाच्या वयाचा अंदाज करता येतो. जन्माची नोंद नसलेल्या माणसाच्या बाबतीत अशा अंदाजाचे महत्त्व मोठे आहे. आपल्याकडे 2015 च्या बाल न्याय कायद्याने शाळेचा दाखला आणि जन्मनोंद यांना अग्रक्रम दिला आहे. ती कागदपत्रे नसतील तरच वैद्यकीय तपासणीचा आधार घ्यावयाचा असतो. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास अक्कलदाढेच्या मुळांची वाढ पाहण्यावर अधिक भर असतो. गराचे प्रमाण त्यापुढील वयांत विशेष उपयोगी पडते. मोजमाप कोणतेही असो, ते चुकले तर त्याचे फळ माणसाला भोगावे लागते.

गेल्या शतकाच्या अखेरीस दंतवैद्यकात शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताची यंत्रे आली. यंत्र डोक्याभोवती फिरते, अनेक बाजूंनी छाया टिपते आणि संगणक त्यांतून जबड्याची त्रिमित प्रतिमा उभी करतो. ही प्रतिमा चिमुकल्या घनांची रचलेली असते. त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. एका घनाची बाजू 0.2 मिलिमीटर असेल, तर एका घन मिलिमीटरात असे 125 घन मावतात. दातात पडणारे घन मोजले की घनफळ मिळाले. हिशेब इतका सरळ आहे.

अडचण आहे ती सीमेवर. तेथला एखादा घन अर्धा दातात आणि अर्धा गरात असतो. त्याची छटा ना पुरती उजळ, ना पुरती काळी. त्याला कोणत्या बाजूस घालावयाचे, हे मोजणाऱ्याने ठरविलेल्या छटेच्या मर्यादेवर अवलंबून राहते. शिवाय या यंत्रांतील छटांचे आकडे यंत्रागणिक बदलतात, त्यामुळे सर्वांना एकच मर्यादा लागू करता येत नाही.

ही चूक किती मोठी होते, ते एका उदाहरणावरून दिसेल. दात 7 मिलिमीटर व्यासाचा दंडगोल आणि गर 1 मिलिमीटर व्यासाचा दंडगोल समजा. दोहोंची उंची तीच राहते असे धरू. मर्यादा थोडी खाली धरल्यामुळे कठीण भाग सर्व कडांशी 0.1 मिलिमीटरने फुगला. दाताचा व्यास 7.2 झाला आणि घनफळ जेमतेम 6 टक्क्यांनी वाढले. गराचा व्यास मात्र 0.8 वर आला आणि त्याचे घनफळ 36 टक्क्यांनी घटले. दोहोंचे गुणोत्तर सुमारे 40 टक्क्यांनी उतरले. म्हणजे माणूस आहे त्याहून वयस्क ठरला! संपूर्ण दाताचे माप विश्वसनीय असले, तरी गराचे माप तितके असेलच असे नाही, ते यामुळे.

हीच मर्यादा धरून तोच तज्ज्ञ पुन्हा मोजील, तर उत्तर बहुधा तेच येईल. पण एका उत्तराची पुनरावृत्ती म्हणजे अचूकता नव्हे. खोट्या वजनांचा तराजूही दर वेळी तोच आकडा दाखवितो. यासाठी पडताळ्याचे स्वतंत्र साधन हवे. दात सरळ करण्याच्या उपचारात काही वेळा उपदाढ काढावी लागते. त्या दाताची प्रतिमा आधी घेतलेली असेल, तर काढलेला दात हवेत व पाण्यात तोलतात. पाण्यात जितके ग्रॅम वजन घटले, तितके घन सेंटिमीटर घनफळ. हा आर्किमिडीजचा नियम होय. दात बुडवून नळीतील पाणी किती चढले ते पाहणे सोपे वाटते खरे. परंतु उपदाढेचे घनफळ अर्ध्या घन सेंटिमीटरच्या आसपास आणि पाण्याचा एक थेंब सुमारे त्याच्या एकदशांश! एखादा थेंब काचेला चिकटून राहिला, तरी सारा पडताळा फसतो.

गराच्या पोकळीचा पडताळा मात्र पाण्याने होत नाही. त्यासाठी काढलेला दात सूक्ष्म क्ष-किरण यंत्रात ठेवून मिलिमीटरच्या शतांशाच्या आसपास बाजू असलेल्या घनांनी पुन्हा मोजतात. असे यंत्र जिवंत माणसासाठी वापरता येत नाही, कारण घन जितके बारीक तितका किरणांचा मारा अधिक. रुग्ण किंचित हलला, किंवा शेजारच्या दाढेत धातूचे भरण असले, तर प्रतिमेवर पट्टे उमटतात. तसे दात मोजणीतून वगळणेच शहाणपणाचे ठरते.