धाकटं इंजिन

मिशिगन सरोवरात सॅमन धरायला निघालेल्या बोटी मागून पाहाव्यात. मधोमध दीड-दोनशे अश्वशक्तीचं धूड आणि त्याच्या बगलेत आठ-दहा अश्वशक्तीचं धाकटं. तिकडे त्याला ‘किकर’ म्हणतात. कामं दोन: गळ सोडल्यावर ताशी चारेक किलोमीटरनं बोट रेंगाळत ठेवायची आणि थोरलं रुसलं तर काठाला आणायची.

याच सरोवराकाठच्या मिलवॉकीत नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 मध्ये आपलं आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन, विकायला काढलं. दीड अश्वशक्ती, वजन 28 किलो. (वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वितळलं म्हणून त्यांना ते सुचलं असं सांगतात. खरं-खोटं तेच जाणोत.) आज तेवढ्या वजनात सहा अश्वशक्ती मिळते. तोहात्सू कंपनीची चार, पाच आणि सहा अश्वशक्तीची इंजिनं एकाच 123 सीसीच्या घडणीची, वजनालाही जवळपास सारखी. मग उचलायचंच तर सहाचं उचलावं.

त्यापुढे 9.9. बाटाच्या किमतीसारखा दिसणारा हा आकडा इंजिनियरनं नव्हे, कायद्यानं ठरवला. अमेरिकेतल्या अनेक तलावांवर दहा अश्वशक्तीची मर्यादा असते, तिच्या आत राहण्यासाठी तो जन्मला. गिऱ्हाईक मात्र त्याच आकड्याला चिकटून बसतं. खरं पाहायचं ते पंख्याकडे. जड बोट ढकलायला मोठ्या घेराचा, कमी पिचचा (म्हणजे एका फेरीत कमी अंतर कापणारा) आणि सावकाश फिरणारा पंखा लागतो. यामाहाच्या साध्या 9.9 मध्ये इंजिनाच्या 2.08 फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होते. ‘हाय थ्रस्ट’ प्रकारात 2.92 फेऱ्यांना. अश्वशक्ती तीच, पण वाऱ्याविरुद्ध बोट धरून ठेवण्यात दोघांमध्ये बराच फरक पडतो.

वेगाची हाव इथे कामाची नाही. पाण्यावर 20 फूट लांबी असलेली बोट, पाण्यावर उचलली जात नाही तोवर, सहा नॉटच्या म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. ती लाट ओलांडण्याइतकी ताकद धाकट्यात नसतेच. तेव्हा पाच नॉटनं घर गाठता आलं की झालं.

लोक सर्वांत जास्त फसतात ते इंजिनापासून पंख्यापर्यंतच्या दांड्याच्या लांबीत. 15, 20 आणि 25 इंच अशी मापं मिळतात. धाकटं एका बाजूला बसतं, त्यामुळे बोट दुसऱ्या कुशीवर कलली की पंखा वर येतो, हवा ओढतो आणि इंजिन रिकामंच किंचाळतं. खवळलेल्या पाण्यात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. म्हणून अशा बोटीला 25 इंची दांडाच घ्यावा, थोडा महाग पडला तरी.

आणि त्याचा संसार वेगळा असावा. थोरलं बंद पडण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे टाकीतलं पाणी किंवा कचरा. त्याच टाकीची नळी धाकट्याला जोडली की दोघं एकाच दुखण्यानं आडवी होतात. बॅटरीचंही तसंच: बटणाची सोय खुशाल घ्या, पण ओढायची दोरी हवीच. विजेवर चालणारी इंजिनं शांत, रेंगाळायला उत्तम. पण जर्मनीच्या टॉर्कीडोचं किलोवॅटभर ताकदीचं इंजिन पूर्ण जोरात चालवलं तर त्याची अंगची बॅटरी तासाभरात संपते. वाऱ्याविरुद्ध परतायचं असेल तर तेवढ्यावर माझा भरवसा नाही.

कोकण-गोव्याच्या छोट्या होड्यांवर हेच धाकटं घरचं कर्तं असतं. त्याला आधार फक्त वल्ह्यांचा. इथे पेट्रोलचा प्रश्न जास्त टोचतो. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल हवेतला ओलावा शोषतं, पाणी फार झालं की ते आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, इंजिन पडून राहतं. त्याआधी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवावं, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो. हे करताना खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपात बुडालेला हवा, नाहीतर पाण्याच्या पंपातलं रबरी चाक कोरडं फिरून जळतं. खारही त्यातच धुतला जातो.