योसेगी-झाइकू
योसेगी-झाइकू ही जपानमधील हाकोने परिसराची लाकडी नक्षीकामाची पारंपरिक कला आहे. इदो कालखंडाच्या उत्तरार्धात हाताजुकू येथील इशिकावा जिन्बेई यांनी ती सुरू केली, असे मानले जाते. तोकाइदो मार्गावरील प्रवासी या वस्तू भेट म्हणून नेत असत. या कलेत रंग न देता निरनिराळ्या लाकडांच्या मूळ रंगछटांतून नक्षी साधतात. ठरावीक कोनांत कापलेल्या बारीक पट्ट्या चिकटवून ठोकळा बनवतात. रंध्याने काढलेले त्याचे पातळ पापुद्रे पेट्यांवर चिकटवले जातात. गरम भांड्याखाली ठेवायची बैठक मात्र अखंड ठोकळ्यातून घडवल्यास नक्षी आरपार राहते. पृष्ठभाग झिजला तरी ती नाहीशी होत नाही. १९८४ साली जपान सरकारने या कलेला पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला.